ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत पुनर्वसन वर्ग कसा सुरू करावा

संघाच्या बैठकीत ठराव होतो, "आपल्याकडे फिजिओथेरपी सेंटर काढू या." देणगीदार पुढे येतो, कुणीतरी कोटेशन आणतं आणि महिन्याभरात शेकाचं मशीन, करंटचं मशीन, पाय मारायची सायकल अशी खोली सजते. नारळ फुटतो, फोटो निघतात. सहा महिन्यांनी जाऊन पाहावं तर मशीनवर चादर घातलेली आणि खोलीत कॅरम चाललेला. सातारा जिल्ह्यात फिजिओथेरपी करताना अशा तीन खोल्या मी पाहिल्या. तिन्ही ठिकाणी माणसं मनापासून काम करणारी होती, पैसाही होता. फक्त सुरुवात यंत्रापासून झाली होती.

म्हणून हा लेख. संघाचे कार्यकर्ते, विरंगुळा केंद्र सांभाळणारे, आणि नुकतेच पास होऊन आपल्या गावी काम सुरू करू पाहणारे फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं १ कोटी १० लाखांच्या वर होती, म्हणजे दर दहांत जवळपास एक. त्यांच्यातल्या प्रत्येकाला मोठं रुग्णालय लागत नाही. बहुतेकांना लागते ती घरापासून चालत जाता येईल अशी एक खोली, आठवड्यातून तीनदा विचारपूस करणारं माणूस आणि योग्य मापाची काठी.

आधी पाटीवर काय लिहायचं ते ठरवा

आमच्या भागात "पुनर्वसन" म्हटलं की माणसांना कोयना धरणग्रस्त आठवतात. पहिल्या वर्गाच्या पाटीवर आम्ही "ज्येष्ठ पुनर्वसन केंद्र" असं लिहिलं, तर एक आजोबा सातबाराची झेरॉक्स घेऊन आले. ते खरोखर आशेनं आले होते, त्यांना परत पाठवताना जीव जड झाला. दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. "तोल आणि ताकद वर्ग" असं लिहिलं. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या ठिकाणी हेच सांगते: माणसाला कळेल असं नाव द्या. "अपंग", "आजारी", "उपचार" हे शब्द पाटीवर नकोत. "मी अजून तसा झालो नाही," असं म्हणून निम्मे लोक दारातूनच परत जातात.

यादी: जे येत नाहीत त्यांच्यापासून सुरुवात

संघात रोज येणारी मंडळी मुळात चालती-फिरती असतात. तुमचा वर्ग त्यांच्यासाठीही आहे, पण गरज जास्त आहे ती घरात बसलेल्यांना. त्यांची यादी कुणाकडे मिळते? आशाताईंकडे. औषधाच्या दुकानदाराकडे, कारण गोळ्या न्यायला पूर्वी स्वतः येणारे आजोबा आता नातवाला पाठवतात हे त्याला ठाऊक असतं. देवळातल्या पुजाऱ्याकडे, दूधवाल्याकडे. दोन आठवडे नुसते फिरा. एका वॉर्डात तीस-चाळीस नावं सहज निघतात.

घरी गेल्यावर तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना तोल जाईल असं वाटतं का? पडण्याची भीती वाटते का? तिन्हींतल्या एकालाही "हो" आलं तर नाव यादीत वर.

इथे एक सावधगिरी बाळगा. "पडलात का" या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका सहसा "नाही" म्हणतात. पडणं म्हणजे हाड मोडणं असा त्यांचा हिशेब असतो. एका आजींनी मला ठामपणे "छे, कधीच नाही" असं सांगितलं. मी चहा घेताना सहज विचारलं, "मोरीत कधी घसरलात, बसकण मारली, भिंतीला धडकलात?" त्यावर त्या म्हणाल्या, "ते होय, ते तर आठवड्यातून एकदा होतंच. सुनेला नका सांगू." म्हणून शब्द बदलून विचारा आणि शक्य तर एकटीला गाठून विचारा.

खोली आणि वेळ

खोली तळमजल्यावर हवी, पायऱ्या दोनपेक्षा जास्त नकोत, आणि जवळ कमोडचं संडास हवं. लघवीच्या भीतीनं घराबाहेर न पडणारी माणसं फार आहेत, विशेषतः बायका. फरशी गुळगुळीत असेल तर पॉलिश करू नका आणि सतरंजी अंथरू नका. तिच्या दुमडलेल्या कडेत पाय अडकतो.

वेळेबद्दल मी स्वतः चुकले. सकाळी सातला वर्ग ठेवला आणि पहिले दोन महिने फक्त पुरुष आले. बायकांना त्या वेळी डबे, देवपूजा, नातवंडांची शाळा. शिवाय सकाळी सांधे आखडलेले असतात. वेळ दुपारी साडेतीनची केली आणि पंधरवड्यात खोली भरली.

सामान किती लागतं तेही सांगते. पाठ ताठ असलेल्या, सतरा इंच उंचीच्या मजबूत खुर्च्या. प्लास्टिकच्या मागे झुकणाऱ्या खुर्च्या नकोत, त्या घसरतात. अर्धा आणि एक किलोच्या वाळूच्या पिशव्या. गावातला शिंपी वेल्क्रो लावून शिवून देतो. एक लाकडी पायरी. रक्तदाबाचं यंत्र. मोजपट्टी. भिंतीवर पुरुषभर आरसा. आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेले दोन समांतर लोखंडी दांडे, मधे माणूस मावेल इतकं अंतर सोडून जमिनीत घट्ट रोवलेले. एवढ्यावर वर्षभर काम चालतं. शेकाचं मशीन पुढे कधी घेतलंत तर हरकत नाही, पण ते आधी आलं की सगळे रांगेत झोपून शेक घेतात आणि व्यायाम कुणीच करत नाही.

माणसं

आठवड्यातून निदान दोन दिवस पदवीधर फिजिओथेरपिस्ट हवा. त्याची किंवा तिची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडची नोंदणी पाहूनच नेमा. जवळ फिजिओथेरपीचं कॉलेज असेल तर प्राचार्यांना भेटा. इंटर्न मुलांना असं काम हवं असतं आणि आजी-आजोबांनाही तरुण पोरं आलेली आवडतात.

बाकीचे दिवस संघातलेच स्वयंसेवक सांभाळू शकतात. साठ-पासष्टचे निवृत्त शिक्षक, परिचारिका, पोस्टमन यांना मी नेहमी मागून घेते, कारण त्यांना वही ठेवायची सवय असते. पण त्यांची सीमा पहिल्याच दिवशी आखा. शिकवलेला व्यायाम करवून घ्यायचा, आधार द्यायचा, नोंद करायची. कुणाची मान मोडायची नाही, कंबर बसवायची नाही, नवा व्यायाम स्वतःच्या मनानं सांगायचा नाही.

तपासणी: चार गोष्टी, दहा मिनिटं

पहिल्या दिवशी कुणालाही व्यायाम देऊ नका, फक्त मोजा.

एक, गोळ्यांची पिशवी. "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा," असं आदल्या दिवशी सांगा. झोपेची गोळी, रक्तदाबाच्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, प्रोस्टेटची गोळी हे एकत्र दिसलं तर यादी करून त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. तुम्ही गोळी बंद करायची नाही, फक्त दाखवून द्यायचं.

दोन, झोपून आणि उभं राहून रक्तदाब. पाच मिनिटं आडवं झाल्यावर एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर पहाटे संडासला उठताना येणाऱ्या चकरेचं कारण सापडलं समजा. अशा माणसाला डॉक्टरांकडे पाठवाच. तोवर एवढं सांगा: उठण्याआधी पलंगाच्या कडेला बसून पावलं दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, मग उभे राहा.

तीन, खुर्चीतून उठणं. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ आणि बाईला १० जमायला हवेत असा संकेत आहे. ही मोजमापं अमेरिकेतली आहेत. आपल्याकडे जन्मभर जमिनीवर बसलेल्या बायका कधी कधी त्याहून सरस निघतात, तर ऑफिसात खुर्चीवर आयुष्य गेलेले पुरुष मागे पडतात. आकडा दुसऱ्याशी ताडू नका. त्याच माणसाच्या तीन महिन्यांनंतरच्या आकड्याशी ताडा.

चार, उठून चालणं. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूची रेघ. उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. घड्याळापेक्षा माझी नजर वळणावर असते. वळताना चार-पाच बारीक पावलं टाकणारा पाय, भिंत शोधणारा हात, हे घड्याळ सांगत नाही.

वर्गात न घेता थेट डॉक्टरांकडे पाठवायची माणसंही ओळखा. छातीत दुखतंय, बसल्या जागी धाप लागते, रक्तदाब १८०/११० च्या वर आहे, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आहे, तोंड वाकडं झालंय किंवा बोलणं अडखळतंय, पडल्यापासून पाठ सहन होत नाही, लघवी-संडासवरचा ताबा अचानक गेला आहे. यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी व्यायामाचं नाव काढायचं नाही. तोंड वाकडं झालं असेल तर गाडी बोलवा, एक मिनिटही घालवू नका.

कान आणि डोळेही पाहून घ्या. मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला तोलाचे व्यायाम देत बसण्याआधी त्याच्या ऑपरेशनची तारीख घ्या. आणि वर्गात कुणी चुकीचा पाय उचलत असेल तर बहुतेक वेळा त्यांना तुमचं बोलणं ऐकू आलेलं नसतं.

ध्येय: एक काम विचारा

सगळ्या लेखातलं हे पाऊल मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. "गुडघा किती वाकतो" हे तुमच्या कामाचं आहे, आजींच्या नाही. त्यांना विचारा, "असं कोणतं एक काम आहे जे वर्षापूर्वी करत होता आणि आता येत नाही?"

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. देवघरासमोर पाटावर बसायचंय. वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे जेवायला जायचंय. एसटीची पायरी चढायचीय. नातीच्या लग्नात अक्षता टाकायला उभं राहायचंय. एक आजोबा म्हणाले, "न्हाव्याकडे स्वतःच्या पायानं जायचंय. तो घरी येतो, पण घरी गप्पा होत नाहीत."

त्या आजोबांचं घर ते सलून अंतर आम्ही मोजलं. एकशे ऐंशी पावलं, मधे एक गटाराची फरशी आणि एक रस्ता. मग व्यायाम आपोआप ठरला. फरशीसाठी लाकडी पायरीवर चढ-उतर, रस्त्यासाठी दोन्ही बाजूंना मान वळवत चालणं, एकशे ऐंशी पावलांसाठी दमसास. पहिल्या आठवड्यात चाळीस पावलं, मग खुर्ची. आम्ही वाटेतल्या किराणा दुकानदाराला बाहेर स्टूल ठेवायला सांगितलं. सातव्या आठवड्यात ते सलूनमध्ये पोचले आणि दाढी झाल्यावर तासभर तिथेच बसून राहिले. मुलगा शोधायला आला.

असं काम हाती आलं की माणूस व्यायामाला कंटाळत नाही. ते काम वहीच्या पहिल्या ओळीत, त्यांच्याच शब्दांत लिहा.

व्यायाम

नव्या फिजिओला वाटतं की वीस प्रकार शिकवावेत. पाच पुरतात.

खुर्चीतून उठ-बस. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं. बसून घोट्याला वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करणं आणि मनात पाच अंक मोजून सावकाश खाली आणणं. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून आडवं चालणं, दहा पावलं डावीकडे, दहा उजवीकडे. आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा सेकंद उभं राहणं, आधार हाताशी ठेवून.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. प्रत्येक आठ ते दहा वेळा, मधे विसावा घेऊन दोनदा. शेवटच्या दोन वेळा थोडं जड गेलं पाहिजे. अगदी सहज होत असेल तर वजन वाढवा, नाहीतर सहा महिन्यांनीही माणूस तिथेच राहतो. म्हातारं माणूस म्हणून सगळं हलकंच द्यायचं, ही आपल्या क्षेत्रातली मोठी चूक आहे. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर जोर कमी पडतोय.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला घरच्या घरी करायचा ताकद-तोलाचा कार्यक्रम जगभर वापरला जातो. त्यातही असेच साधे व्यायाम आणि चालणं आहे, आणि त्यानं पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी झालं. तिथेही भर होता तो व्यायाम हळूहळू अवघड करत नेण्यावर आणि घरी जाऊन पुन्हा पुन्हा पाहण्यावर.

व्यायामाबरोबर ताटाकडेही पाहा. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे पंचावन्न किलोच्या आजींना साठच्या आसपास. प्रत्यक्षात त्या चहा-बटर, पातळ वरण-भात आणि संध्याकाळी दूध-पोळी यावर असतात. त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपास सोडा म्हणू नका, कुणी ऐकणार नाही आणि तो त्यांचा आनंद आहे. साबुदाण्याऐवजी राजगिरा, सोबत वाटीभर दही आणि दाण्याची आमटी, असं सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

काठी आणि वॉकर

यजमान गेल्यावर त्यांची काठी वापरणाऱ्या एक आजी आमच्याकडे येत. काठी त्यांच्या मापापेक्षा चार इंच उंच होती. त्यामुळे खांदा कायम वर चढलेला आणि मान दुखणारी, आणि त्या मानेवर दोन वर्षं मलम लावलं जात होतं. काठी बदला म्हणणं मला जमेना, कारण ती नुसती काठी नव्हती. शेवटी सुताराला बोलावलं. त्यानं खालून चार इंच कापून नवं रबरी बूच बसवलं. मूठ तीच राहिली.

माप असं घ्या. रोजच्या चपला घालून सरळ उभं करा, हात बाजूला सैल सोडायला सांगा. काठीची मूठ मनगटावरच्या रेषेशी यावी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं दिसतं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. डावा गुडघा दुखत असेल तर उजव्या हातात काठी. हे दहांतल्या आठजणांचं उलटं असतं, कारण दुखऱ्या बाजूलाच आधार द्यावा असं वाटतं. दुखरा पाय आणि काठी एकत्र पुढे, मग चांगला पाय. जिना असेल तर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. रबरी बुचाची नक्षी झिजली की बदला. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या शेवटी, सगळ्यांची बुचं तपासायचा दिवसच ठेवा.

वॉकर दाराच्या चौकटीतून आणि मोरीच्या दारातून जातो का, ते विकत घेण्याआधी मोजा. आणि वॉकर धरून खुर्चीतून उठू देऊ नका, तो अंगावर येतो. हात खुर्चीच्या हातांवर ठेवून आधी उभं राहायचं, मग वॉकर धरायचा.

घर

घरात तीन जागा पाहायच्या: पलंग ते संडासची वाट, मोरी, उंबरठा. रात्रीच्या वाटेत एक छोटा दिवा, पायपुसणी गोळा करून टाकणं, चार्जरच्या वायरी भिंतीकडे. मोरीत बसायला पाटाऐवजी प्लास्टिकचं रबरी पायांचं स्टूल. संडासात भिंतीवर आडवा दांडा, दीड इंच जाडीचा, भिंतीपासून मूठ मावेल इतक्या अंतरावर. तो टाइलवर चिकटवू नका, विटेत ठोकून घ्या आणि स्वतःचं पूर्ण वजन टाकून पाहा. टॉवेल स्टँडला धरून उठणारी माणसं मी रोज पाहते आणि तो स्टँड कधीतरी निखळतोच.

नऊवारी नेसणाऱ्या आजींच्या कासोट्याचं किंवा सहावारीच्या लोंबत्या निऱ्यांचं काय, हा प्रश्न नाजूक आहे. "गाऊन घाला" असं मी कुणाला सांगत नाही. निऱ्या दोन बोटं वर खोचायला सांगते.

खुबा मोडलेली आणि लकवा झालेली माणसं

ही माणसं वर्गात येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे तुम्ही जायचं. इथे उशीर फार महाग पडतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर साधारणपणे दुसऱ्या दिवशी उभं करतात. पण घरी आल्यावर "विश्रांती घ्या" एवढंच कार्डावर लिहिलेलं असलं, तर घरचे त्यांना दीड महिना पलंगावरून उतरू देत नाहीत. अशी एक आजी मला पंचेचाळिसाव्या दिवशी दाखवली गेली. हाड छान जुळलं होतं. पण मांडीचं मांस इतकं गेलं होतं की पाय उचलेना, आणि माकडहाडावर जखम झाली होती. धडधाकट वयस्कर माणसाच्या पायांचंही दहा दिवस अंथरुणात काढल्यावर जवळपास किलोभर मांस झडतं, हे अभ्यासातून दिसलं आहे. म्हणून संघानं एवढं एक काम पक्कं करावं: वॉर्डातलं कुणी रुग्णालयातून घरी आलं की तीन दिवसांत फिजिओची भेट.

ऑपरेशनमध्ये खुब्याचा गोळा बदललेला असेल तर खाली बसणं, पायावर पाय टाकणं, बुटक्या स्टुलावर बसणं किती दिवस टाळायचं, ते ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडून लिहून घ्या. आपल्याकडे प्रत्येकाला पाटावर बसायची घाई असते.

लकवा झालेल्या माणसाला उठवताना लुळ्या हाताला धरून कधीच ओढू नका. खांदा सैल पडलेला असतो, तो निसटतो आणि मग महिनोन्महिने ठणकतो. जेवताना ताठ बसवा, लहान घास द्या. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. पहिले तीन महिने सुधारणा वेगानं होते, म्हणून त्या काळात एकही आठवडा वाया घालवायचा नाही. पण वर्षानंतरही हात थोडा उघडायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. "आता काही होणार नाही" हे वाक्य त्या घरात कुणाला म्हणू देऊ नका.

आणि जी बाई हे सगळं करते, बहुधा सून किंवा मुलगी, तिची कंबर सांभाळा. उचलताना वाकायचं कुठून ते तिला शिकवा. तिला आठवड्यातून दोन तास सुटका मिळेल असं पाहा. एखादी स्वयंसेविका बसेल, ती बाजारात जाऊन येईल. जोडीदार गेलेला, जेवण सोडलेला, रात्र जागून काढणारा कुणी दिसला तर मानसिक आरोग्याच्या १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलणं करून द्या.

सरकारी मदत कुठे

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य निगा कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळा विभाग आणि फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. तिथल्या फिजिओची ओळख करून घ्या, अवघड माणूस पाठवायला उपयोगी पडते. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची आहे. गरीब कुटुंबातल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र, व्हीलचेअर शिबिरातून मिळते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर साहित्यासाठी ३,००० रुपये एकदाच थेट खात्यात. अर्जाचं काम समाजकल्याण कार्यालयाकडे असतं. आधार आणि खातं जोडलेलं आहे ना, ते आधी पाहा, आणि बिल जपा. शिबिरात वस्तू मिळाली की ती घेऊन वर्गात यायला सांगा. माप न पाहता वापरलेला वॉकर सरकारचा असला तरी पाडतोच. ज्येष्ठांसाठीचा देशभरचा मदत क्रमांक १४५६७ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

वही

दोनशे पानी, आखीव, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक माणसाला दोन पानं. वर त्यांनी सांगितलेलं काम, खाली पहिल्या दिवसाचे आकडे, मग हजेरी. पडण्याची नोंद लाल शाईनं: कुठे, किती वाजता, काय करताना. सहा महिन्यांनी आमची लाल नोंद एकत्र वाचली तेव्हा निम्म्याहून जास्त पहाटे पाचच्या आसपासच्या निघाल्या. त्या आठवड्यात आम्ही रात्रीचे दिवे वाटले.

दर तीन महिन्यांनी खुर्ची आणि चालणं पुन्हा मोजा आणि आकडा त्यांना दाखवा. सात उठ-बसांवरून अकरावर आलेल्या आजी तो आकडा घरी जाऊन फोनवर लेकीला सांगतात.

आणि लागोपाठ दोन वर्ग जो चुकवेल, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी फोन जायला हवा. हे काम एका माणसाच्या नावावर लिहून द्या, "सगळे मिळून करू" असं ठेवू नका. आमच्याकडे ते निवृत्त पोस्टमन काकांकडे आहे. फोन उचलला नाही तर ते सायकल काढतात.